खांड्याची नवरी

६ एप्रिल, शनिवार. कॉव्हेंट्री

सासरचा राजवाडा पाहिला. जोडघर. वर तीन खोल्या, खाली दिवाणखाना, दारात कचऱ्याचे तीन डबे, तीन रंगांचे. दिवाणखान्याला इथे 'दरबार' म्हणतात. हसू आलं की ओठ चावायचा, असं ठरवलंय.

ही वही निघताना आईने दिली. म्हणाली, "कोणाला काही विचारत बसू नकोस. मनात येईल ते यात लिही." आमच्या करंजगडच्या बायका विचारत नाहीत. माझे वडील, दादासाहेब, महिन्यातले दहा दिवस कोल्हापुरात कोणाकडे राहतात, हे आईने तीस वर्षांत विचारलेलं नाही. म्हणून तर तिच्यासमोर अख्खा तालुका वाकतो.

सासरे आबासाहेब. सावरगडचे राजे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथे गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आले ते शपथ सोबत घेऊनच: देवीच्या पालखीचा उजवा मान करंजगडकर जोवर परत करत नाहीत, तोवर सावरगडचं कोणी करंजगडची वेस ओलांडणार नाही. आता नोव्हेंबरात माझा भाऊ सुश्रुतदादा निवडणुकीला उभा राहतोय आणि सावरगडची चाळीस गावं आजही आबासाहेबांच्या एका फोनवर मत टाकतात. म्हणून तह झाला. नवरात्रात आम्ही मान परत देणार, ते चाळीस गावं देणार, आणि मध्ये मी.

मान मिळायचा नवरात्रात आणि लग्न मार्चमध्ये, त्यामुळे नवरदेव वेशीच्या आत येईना. त्यांनी तलवार पाठवली. जुन्या रिवाजाप्रमाणे खांड्याशी लग्न लागलं माझं. पाटावर मी, शेजारच्या पाटावर तलवार, तिला मुंडावळ्या. पुण्याच्या मैत्रिणींनी फोटो बघून काय काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

पण इंग्रज सरकारला तलवार चालत नाही. माझा व्हिसा वाग्दत्त वधूचा, सहा महिन्यांचा. २८ सप्टेंबरच्या आत रजिस्टर ऑफिसात लग्न नोंदवायचं, नाहीतर परत. नोंदणी झाली की आबासाहेब गावाकडे फोन फिरवणार. एवढंच काम आहे माझं. सोपं आहे.

१४ एप्रिल, रविवार

सोपं नाही. सासूबाई आहेत.

आईसाहेब म्हणायचं त्यांना. नाव लीलावती. साठीच्या असतील. हातात सदोदित विणकाम, तोंडात शब्द नाही. बोलल्याच तर "अक्षयाराजे, फ्रीजचं दार नीट लावा." मला 'राजे' अशा सुरात म्हणतात की शिवी परवडली.

नवऱ्याला आज एअरपोर्टनंतर दुसऱ्यांदा पाहिलं. यतीनराजे ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचं डिझाइन करतात. एकाआड एक वीकेंडला येतात. दिसायला बरे आहेत. तोंड उघडलं की मात्र, "तू कसा आहे? जेवण झाला?" जन्म इथला. मी आपलं "हो, झालं," म्हणते.

त्यांच्या गाडीतून इंडियन दुकानात गेलो. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, खाली बिस्किटाचा चुरा. मी बघितलं, आणि मी बघतेय हे त्यांनी बघितलं. "मित्राचा आहे," म्हणाले. मी कुठे काय विचारलं होतं?

परतल्यावर दरबार. दर रविवारी सावरगडकडची सात-आठ कुटुंबं जमतात, आबासाहेबांना मुजरा करतात, समोसे खातात. आबासाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नोंदणीची तारीख कधीची?" यतीनराजे जमिनीकडे बघायला लागले. तर कोपऱ्यातून आईसाहेब म्हणाल्या, "शुक्र अस्ताला चाललाय. जूनअखेरपर्यंत मुहूर्त नाही."

सगळे माना डोलवायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रजिस्टर ऑफिसला शुक्राचं काय?

४ मे, शनिवार

आज एकादशी. मुहूर्तावर जीव टाकणाऱ्या आमच्या आईसाहेबांनी सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं, कांदा घालून. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "हवंय?"

म्हणजे पंचांगाचं नाव पुढे करून मला लटकवत ठेवायचं आहे. शत्रूच्या घरातली पोर ना मी! वर माझा पासपोर्टही घेतला. "इथे हरवतं," म्हणे. स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सासू अशीच असते. तू आपली पायरी सोडू नको." मी बरी सोडेन!

१९ मे, रविवार

एक गंमत. महिन्यातून एकदा आईसाहेब डबा घेऊन ट्रेनने ब्रिस्टलला जातात. बेसनाचे लाडू, अगदी छोटे छोटे, सुपारीएवढे. "देवळात," म्हणतात. कॉव्हेंट्रीत देवळं कमी पडली? पोराला घरचं खायला नेतात आणि सुनेला कळू द्यायचं नाही. मी काय लाडू हिसकावून घेणार होते?

विणतायत तो स्वेटरही एवढासा आहे. निळा. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून, माझ्याकडे बघत विणतात. मध्येच उचलून उजेडात धरतात, बाह्या ताणून बघतात, पुन्हा माझ्याकडे बघतात. दाखवतात काय, तर तुला अजून मूल नाही. अहो, नवरा महिन्यातून चार दिवस येतो आणि नोंदणीपर्यंत वेगळ्या खोलीत झोपतो, मूल काय तलवारीपासून होणार?

मी ढुंकून बघत नाही. मासिक वाचते.

९ जून, रविवार

रूथमावशी आल्या होत्या लंडनहून. आईसाहेबांच्या एकुलत्या एक मैत्रीण. बेने इस्रायली, मूळच्या अलिबागकडच्या, ऐंशीला टेकल्या तरी मराठी खणखणीत. या घरात आईसाहेबांना 'लीला' म्हणणारं हे एकच माणूस. दोघी बागेत बसल्या होत्या, मी चहा घेऊन गेले तर रूथमावशी म्हणत होत्या, "लीला, किती दिवस अशी सुयाच चालवणारेस?" मला बघून गप्प झाल्या.

जाताना मला दारात धरलं. "काय गं, तू हिला कधी काही विचारत नाहीस?"

"काय विचारायचं?"

"काहीही विचार. विचारलंस तर ती सांगेल हो."

मला हा आगाऊपणा आवडला नाही. म्हणाले, "आमच्याकडे पद्धत नाही."

"पद्धत!" म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून गेल्या. दोघी एकाच माळेचे मणी. मला उखाळ्यापाखाळ्या करायला लावायच्या आणि मग दरबारात सांगायचं, बघा, करंजगडची पोर कशी चौकस आहे.

२ जुलै, मंगळवार

शुक्राचा उदय झाला! मी कॅलेंडर घेऊन खाली आले. आईसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नागपूरला आमचे एक चुलत दीर वारले. सुतक आहे."

"कधी वारले?"

"आत्ताच."

एवढाच एक प्रश्न मी या घरात आजवर विचारला आणि त्याचंही असं उत्तर.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. चातुर्मास लागला. आता कार्तिकापर्यंत थांबा म्हणाल्या. माझा व्हिसा सप्टेंबरात संपतो, हे त्यांना कळत नाही असं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनीच २८ तारखेला गोल केलाय. लाल पेनने!

म्हणजे हा डाव आहे. मला परत पाठवायचं. चाळीस गावं गेली, दादाची निवडणूक गेली, आणि मी तलवारीची टाकलेली बायको म्हणून आयुष्यभर करंजगडच्या माडीवर. आज खूप रडले. टॉयलेटचा फ्लश सोडून रडले, ऐकू जायला नको.

बाहेर आले तर दाराशी पाण्याचा ग्लास ठेवलेला. टेहळणी करतात म्हणजे!

२८ जुलै, रविवार

यतीनराजे मला फिरायला घेऊन गेले, कॅथीड्रलपाशी. बाँबने पडलेल्या जुन्या भिंती आहेत, मध्ये छप्पर नाही. बाकावर बसलो. बराच वेळ नखं खात होते.

"अक्षया, मला तुला एक गोष्ट सांगायचा आहे. खूप आधी सांगायला पाहिजे होता."

चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "तुमच्या आईंबद्दल असेल तर राहू दे. मला कोणाची तक्रार ऐकायची नाही."

"नाही, माझा आई चांगला आहे. तो—"

"आणि दुसरं काही असेल तर तेही राहू दे. झालं गेलं ते तुमचं. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तारीख घ्या, बास."

त्यांचे डोळे भरून आले. "तू खूप चांगला आहे," म्हणाले. मला वाटलं, माझ्या मोठेपणाने गहिवरले. आईला फोन करून सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, शाब्बास.

मग हे लिहिताना हात का गार पडलेत कळत नाही. उन्हाळा म्हणे इथला.

११ ऑगस्ट, रविवार

आज दरबारात तोफ डागली. सगळे समोसे खाताना उभी राहिले, पदर सावरला, मुजरा केला आणि म्हणाले, "आबासाहेब, लग्न खांड्याशी मुहूर्तावर लागलंय. राहिली आहे ती सही. सहीला चातुर्मास लागत नाही. की सावरगडचा शब्द कच्चा आहे?"

आबासाहेब लाल झाले आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! ही खरी राजाची लेक. लीलावती, उद्या पासपोर्ट द्यायचा. यतीन, नोटीस द्यायची."

यतीनराजे 'येस आबा' म्हणाले, अगदी हळू. आईसाहेबांच्या सुया थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! 

२२ ऑगस्ट, गुरुवार

नोटीस दिली. अठ्ठावीस दिवस थांबावं लागतं. तारीख मिळाली २४ सप्टेंबर. चार दिवस राखून!

पासपोर्ट आईसाहेबांनी ऐन निघायच्या वेळी दिला आणि घरी आल्यावर लगेच परत मागितला. "एक नंबर उतरवून घ्यायचाय." घ्या म्हटलं, उतरवा. आता काय करणार आहात?

८ सप्टेंबर, रविवार

दरबारात गणपती बसलाय. आरतीच्या वेळी बघते तर आईसाहेबांचे हात मोकळे. त्यांच्या माहेरच्या जाडजूड सोन्याच्या पाटल्या गायब! पाटल्या थोरल्या सुनेला जातात असं आबासाहेबच मागे म्हणाले होते. मला द्याव्या लागतील म्हणून लपवल्या. दोन काचेच्या बांगड्या घालून देवासमोर उभ्या राहिल्या, पण मला द्यायच्या नाहीत. घ्या, ठेवा उशाशी.

त्यांचं माहेर कुठलं, हे आबासाहेबांच्या बोलण्यातून आज कळलं. करंजगडच्या पलीकडचं, घाटाखालचं. वाट आमच्या वेशीतून जाते. नवऱ्याची शपथ बायकोलाही लागू, म्हणून लग्न होऊन इथे आल्या त्या सदतीस वर्षांत एकदाही माहेरी गेल्या नाहीत. आई वारली तेव्हाही नाही. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, त्याचाच सूड माझ्यावर.

१८ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष लागला. सकाळी आईसाहेब माझ्या खोलीत आल्या, पहिल्यांदाच. पलंगाच्या कडेला बसल्या. "पितृपक्षात लग्न नोंदवणार?"

"हो. पितरांना निरोप द्या, मी येतेय म्हणून."

रागावतील वाटलं, पण बसूनच राहिल्या. माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, "एवढं लिहितेस. लिहिताना कधी काही प्रश्न पडत नाही?"

मी वही मिटली. त्या उठून गेल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळ

जिंकले. हे आधी लिहिते.

अकरा वाजता रजिस्टर ऑफिस. मी आईचा शालू नेसले होते. यतीनराजे सुटात, चेहरा ताप आल्यासारखा. आबासाहेब फेटा बांधून. दाराशी पोचलो तर आईसाहेबांनी सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. घट्ट.

"अक्षया," म्हणाल्या. 'राजे' नाही. "अजून वेळ आहे. काही विचारायचंय मला?"

"लीलावती!" आबासाहेब ओरडले.

"मी काही सांगत नाहीये. तिला विचारायचंय का, एवढंच म्हणतेय. विचार ना गं. काहीही विचार."

आत बाई नाव पुकारत होती. मी हात सोडवला. "मला कोणाला काही विचारायचं नाही," म्हटलं, अगदी आईसारखं. सही केली. साक्षीदार म्हणून आईसाहेबांनी सही करायला नकार दिला, तेव्हा दरबारातले एक काका उठले.

जेवण झालं, आबासाहेबांनी गावाकडे फोन फिरवले. चार वाजता यतीनराजे म्हणाले, ब्रिस्टलला जावं लागेल, अर्जंट आहे. लग्नाच्या दिवशी! मी म्हटलं, जा. त्यांचा फोन टेबलावर वाजत होता, पडद्यावर 'क्लोई'. मी तोंड फिरवलं.

मग पासपोर्ट हवा म्हणून आईसाहेबांच्या खोलीत गेले. कपाट उघडंच होतं. पासपोर्ट एका पाकिटात होता आणि सोबत विमानाची तिकिटं. २७ सप्टेंबर, हीथ्रो ते मुंबई, फक्त जाण्याचं. वरचं माझ्या नावाचं!

डोकं फिरलं. तिकीट घेऊन खाली आले, त्या विणत होत्या, त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. "मला हाकलायचं होतं ना? मी राहिले! तुमच्या नाकावर टिच्चून राहिले!"

त्या खाली वाकल्या आणि तुकडे गोळा करायला लागल्या. एक तुकडा हातात धरून म्हणाल्या, "खिडकीची सीट घेतली होती तुझ्यासाठी."

तेव्हा माझ्या हातात राहिलेला दुसरा कागद बघितला. ते तिकीट माझं नव्हतं. लीलावती. शेजारची सीट.

त्यांच्या हातांकडे बघितलं. काचेच्या दोन बांगड्या. मांडीवर निळा स्वेटर, पुरा झालेला, बटणंसुद्धा लावलेली.

माझ्या तोंडून निघालं, "हा कोणासाठी विणलात?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "विहानसाठी. यतीनचा मुलगा. दिवाळीत तीन वर्षांचा होईल."

मी खालीच बसले. त्याच सांगत राहिल्या. मुलाची आई क्लोई, दोघं सहा वर्षं एकत्र राहतात. आबासाहेबांना मेम सून नको होती आणि पालखीचा मान हवा होता. मी यायच्या आधी त्यांनी आईसाहेबांकडून देवीसमोर बेलभंडारा उचलून घेतला होता: हे तुझ्या तोंडून निघणार नाही.

"सांगणार नाही, एवढंच कबूल केलं होतं मी. विचारलं तर खोटं बोलेन, असं कुठे म्हटलं होतं? सहा महिने तुझ्यासमोर बसून विणलं गं. रोज वाटायचं, आज विचारेल. घरात मूल नाही आणि स्वेटर एवढासा, कोणीही विचारलं असतं."

कोणीही. 

"आणि नाहीच विचारलंस तर व्हिसा तरी संपेल, म्हणून तारखा लांबवल्या. सही नसती तर तू सुटलीच होतीस."

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळी करंजगडला फोन केला. दादासाहेबच आले. मी म्हटलं, यतीनला मुलगा आहे. दादासाहेबांनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

खरं का, नाही विचारलं. केवढा, नाही विचारलं. कोणापासून, नाही विचारलं.

"आईला ठाऊक होतं?"

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात," म्हणाले. "दादाची निवडणूक होऊन जाऊ दे."

आईने दिलेल्या वहीतच लिहितेय हे. दुसरी नाही माझ्याकडे.

रूथमावशींना फोन केला. त्यांच्याकडूनही आबासाहेबांनी वचन घेतलं होतं. भंडारा त्यांना चालत नाही, म्हणून तोंडी. कायद्याचं त्यांना ठाऊक आहे. इथे घटस्फोटाचा अर्ज करायला लग्नाला वर्ष व्हावं लागतं. काल सकाळी अकरापर्यंत, सही व्हायच्या आधी, यातलं काहीच लागलं नसतं. आणि तलवारीशी लागलेलं कसं मोडतात, ते कोणालाच माहीत नाही.

आईसाहेबांना म्हटलं, "तिकीट मी फाडलं." त्या पोळ्या लाटत होत्या. "कागद फाडलास. सीट आहे तशीच आहे. पुन्हा छापून आणलं लायब्ररीतून."

२७ सप्टेंबर, शुक्रवार. हीथ्रो

आबासाहेब दारात उभे राहिले होते. "लीलावती, शपथ मोडतेस? माझ्या जिवंतपणी वेस ओलांडतेस?" आईसाहेबांनी कचऱ्याचा हिरवा डबा रस्त्याकडेला ढकलला, आज त्याचा वार होता, आणि टॅक्सीत बसल्या. यतीन ब्रिस्टलहून आले नाहीत. स्वेटर त्यांच्या पत्त्यावर पोस्टाने गेला.

करंजगडला मी जाणार नाही. आईसाहेबांच्या माहेरी जाणार आहे, वाट वेशीतून असली तरी. मग पुण्याला. पुढचं माहीत नाही. दादाला चाळीस गावं मिळोत, न मिळोत.

गेटपाशी बसलोय. त्या लहान मुलीसारख्या विमानांकडे बघतायत. सकाळपासून मी त्यांना विचारत सुटलेय: आईचं नाव काय होतं, घरापुढे कसलं झाड होतं, पाटल्या कोणाच्या होत्या. त्या एकेक सांगतायत. मध्येच म्हणाल्या, "पुरे गं, घसा सुकला."

खिडकीची सीट मी त्यांना दिली. त्या नको म्हणाल्या नाहीत.